सागाच्या फरशीला पाणी चालत नाही

आमच्याकडे साफसफाई म्हणजे पाणी. बादली उपडी झाली नाही, पाणी उंबऱ्यावरून ओट्यावर आणि ओट्यावरून गल्लीत वाहिलं नाही, तर घर साफ झालं असं कोणी मानतच नाही. शेजारीण दारातून विचारते, "आज घर धोयं नही का?" तुम्ही म्हणालात की पुसलंय, तर ती नुसतं "बरं" म्हणते, आणि त्या एवढ्याशा शब्दात तुमच्या माहेरचा उद्धार होऊन जातो. मी स्वतः या पाण्यावरच धंदा उभा केला. दवाखान्याची फरशी, बँकेची फरशी, मंगल कार्यालयाचं ते लग्नानंतरचं चिकट अंगण, सगळं मी बादल्यांनी धुतलं आहे. तेव्हा पाण्याशी माझी काही दुश्मनी नाही.

धंदा आम्हा दोघींचा, माझा आणि माझ्या धाकट्या जाऊचा. रनाळ्याच्या एकाच घरात आम्ही सुना म्हणून आलो. पुढे दोघे भाऊ नोकरीपायी नंदुरबारला आले आणि आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून पडली. कामाची वाटणी कोणी ठरवून केली नव्हती, ती आपोआप झाली. मशीन कोणतं घ्यायचं, कोणत्या फरशीला काय लावायचं हे माझ्याकडे, आणि माणसं तिच्याकडे. माझी जीभ तिखट, तिची गुळाची. कुठल्याही घरात गेलो की मी कोपरे बघायचे आणि ती स्वयंपाकघरात शिरून तिथल्या बायकांची लाडकी होऊन बाहेर यायची. मला तिचं भारी कौतुक होतं. सख्ख्या बहिणीवर टाकला नसता एवढा विश्वास मी तिच्यावर टाकला होता, हे आधीच सांगून ठेवते.

मग ते सागाचं काम आलं.

तापीकाठच्या एका गावात केळी आणि ऊस करणारे एक मोठे शेतकरी आहेत. त्यांनी नवा बंगला बांधला आणि सगळ्या घरात टाइल्स घालून मोठ्या हॉलला मात्र सागाच्या फळ्या घातल्या. ते लाकूड दुकानातलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं कापसाचं गोदाम होतं, ते उतरवलं तेव्हा निघालेल्या तुळया त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या कापून, रंधून, पॉलिश करून अंथरल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना चपला बाहेर काढायला लावल्या आणि हॉलच्या दारातच उभं केलं. म्हणाले, "ताई, बाकी घर कसंबी पुसा. पन ह्या लाकडले काही व्हयनं तर मी मन्हा बापले काय तोंड दखाडसू?" वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते असंच म्हणाले. नंदुरबारच्या कोणीही ते काम धरलं नव्हतं. मी धरलं. हे काम नीट झालं तर आपलं नाव होईल आणि बिघडलं तर असलेलंही जाईल, हे मला त्या दारातच कळलं होतं.

लाकडाचं मला तेव्हा काही कळत नव्हतं, म्हणून मी सुताराकडून त्याच सागाची एक उरलेली फळी मागून घेतली. तिला तेच पॉलिश मारून घेतलं आणि माझ्या ओट्यावर ठेवली. तिच्यावर आम्ही दोघींनी मिळून एकेक गोष्ट करून पाहिली. एका टोकाला फिनेल लावलं, तिथे पॉलिश मंद झालं. मग व्हिनेगर, मग कपड्यांचा साबण, मग खोबरेल. खोबरेलाने फळी दोन दिवस झकास दिसली आणि मग तिच्यावर सगळ्या गल्लीची धूळ येऊन बसली. जाऊबाईंनी स्टीलचा पेला बुडाला ओला करून मधोमध ठेवला आणि तसाच राहू दिला. सकाळी उचलला तर खाली पांढरं गोल कडं उमटलेलं. ते पुसून गेलं नाही, घासून गेलं नाही. तिने कपाळाला हात लावला. "व माय! इतलुसं पानी, आनि इतलं करी गयं?"

ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. नंतर मी ते फार वेळा आठवलं.

मशीन घ्यायला आम्ही सुरतेला गेलो. दुकानदार चलाख होता. त्याने आधी मोठं स्क्रबर काढलं. पुढून पाणी सोडायचं, खाली गोल ब्रश फिरायचा, मागून पाणी ओढून घ्यायचं. आवाज असा की दुकानातले सगळे वळून बघू लागले. जाऊबाई खूश. मी विचारलं, हे लाकडावर चालतं का? तो म्हणाला, "बहेन, सब पे चलेगा." मी खाली बसून, मशीन गेलं तिथे तळहात फिरवला, तर हात ओला आला. टाइल्सवर तेवढं पाणी वाळून जातं. लाकडावर ते फटींत उतरतं आणि खालून फळीला फुगवतं. मग त्याने वाफेचा पोछा दाखवला. वाफ म्हणजे पाणीच, आणि तेही दामटून आत घातलेलं. तोही मी नको म्हटला.

मी निवडलं ते दिसायला अगदीच साधं होतं. एक व्हॅक्युम, पण त्याच्या तोंडाला फिरणारा ब्रश नाही, नुसते मऊ केस, म्हणजे पॉलिशवर ओरखडे पडणार नाहीत. एक चपटा मॉप आणि त्याचे धुवायचे बारीक धाग्याचे कपडे. लाकडासाठीचं सौम्य लिक्विड. आणि कधीमधी चमक आणायला हळू फिरणारं बफिंग मशीन, पांढऱ्या मऊ पॅडचं. हे सगळं बाजूला काढून ठेवलं तेव्हा ते जाऊबाईंना अगदीच फुसकं वाटलं. ती म्हणाली, "ताई, लोकेस्ले मशीन दखाले जोयजे. पानी दखाले जोयजे." मी म्हटलं, "लोकेस्ले दखाडनं शे का लाकूड वाचाडनं शे?" दुकानदार हसला. मीही हसले. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, मला वाटलं दमली असेल.

काम मात्र सुरेख बसलं. आधी व्हॅक्युम, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. मग लिक्विड फरशीवर न मारता कपड्यावर मारायचं, कपडा हाताला जेमतेम गार लागेल एवढंच. आणि पुसायचं तेही रेषांच्या दिशेने. पुसलेली जागा बोलता बोलता वाळली पाहिजे, नाहीतर कपडा जास्त ओला आहे. सोफ्याच्या पायांना मी खालून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवले. दारात पायपुसणं टाकलं. मालक संध्याकाळी शेतातून आले की हॉलच्या दारात थांबून बघायचे, आणि मग आत न जाता बाजूने जायचे. त्यातच माझं बक्षीस होतं.

मालकाच्या आईला मात्र हे सगळं ढोंग वाटायचं. त्या झोपाळ्यावर बसून आमच्याकडे बघत असायच्या. "ही कसानी साफसफाई? पानी तं पडनंच नही." मी हसून पुढे जायचे. जाऊबाई मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसायची, सुपारी कातरून द्यायची. मला त्यात बरंच वाटायचं, म्हातारीची समजूत कोणीतरी काढतंय.

श्रावण लागला आणि कानबाई जवळ आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते, आणि तिच्या आधी घराचा एकही कोपरा धुवायचा राहत नाही. भिंती सारवतात, रंगवतात, भांडी अंगणात येतात, गोधड्या नदीवर जातात. देवी येणार आणि घर धुतलं नाही असं म्हणायची कोणाची छाती नाही. त्या बंगल्यात कानबाई हॉलमध्येच बसणार होती. गाव दर्शनाला येणार, बायका रात्रभर गाणी म्हणणार. मालकांनी मला बजावून सांगितलं होतं की हॉल तुमच्या पद्धतीनेच करा.

नेमकं तेव्हाच बफिंग मशीन बंद पडलं आणि मला ते घेऊन सुरतेला जावं लागलं. हॉल करायला जाऊ एकटी गेली. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? ती पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "मस्त व्हयनं." मी आणलेली लिक्विडची नवी बाटली तिच्या हाती दिली आणि विसरले.

शुक्रवारी मालकांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "ताई, या तुम्ही." आम्ही दोघी गेलो. हॉलभर मोठी सतरंजी अंथरलेली होती, पाहुण्यांसाठी. मालकांनी ती स्वतः गुंडाळत नेली आणि मी खाली वाकून बघितलं. जागोजागी पॉलिशवर पांढरट ढग आले होते. फळ्यांच्या कडा उचलल्या होत्या. पाय ठेवला तर मधे खोलगट आणि कडेला टोचतं, असं सगळीकडे. वर सतरंजी आणि बाहेर श्रावणातली हवा, वाळायला जागाच नव्हती. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फळीच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत बसले होते.

जाऊ माझ्या मागे उभी होती. ती हळू आवाजात, पण मालकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ताई सुरतथून नवं लिक्विड लयनी व्हती, भाऊ. त्यानंच व्हयनं व्हई."

आणि मी ते मानलं! नवी बाटली तर हॉल झाल्यानंतर आली होती, एवढंही त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. ती म्हणते म्हणजे तसंच असेल, जुन्या बाटलीत काही बिघाड असेल, असं काहीतरी मी स्वतःच जुळवून घेतलं. मी मालकांसमोर हात जोडले. म्हणाले, चूक माझी, लिक्विड मी निवडलं, जबाबदारी माझी. जाऊबाईंनी खाली मान घातली. मला वाटलं, बिचारीला माझ्यापेक्षा जास्त लागलंय.

घरी येऊन मी जुन्या बाटलीतलं उरलेलं लिक्विड त्या फळीवर पसाभर ओतलं. नंतर नव्या बाटलीतलं ओतलं. तासाभराने पुसलं, फळी जशीच्या तशी. कडं होतं ते तेवढंच, तिच्या पेल्याचं. ते मी बराच वेळ बघत बसले, आणि तरीही माझं डोकं चाललं नाही. आपल्या माणसावर संशय घ्यायला डोकं लवकर तयार होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बंगल्यावर गेले. फळ्या अजून किती ओल धरून आहेत ते बघायचं होतं, आणि व्हॅक्युम तिथेच राहिला होता. हॉलमध्ये देवीचा चौरंग मांडणं चाललं होतं. मालकाच्या आई झोपाळ्यावर. मला बघून त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तू वाईट नको मानू, बाई. तुन्हं कोल्लं, बिगर पान्यानं पुसनं माले कधी पटनं नही. तुन्ही जाऊ शे ना, तिनी माले इच्यारं, आजी, कानबाई यी ऱ्हायनी, धोऊ का घर? मी म्हनं, धो माय. बादल्या वती वती धोयं तिनी! मन्हा जीव गार व्हई गया. आनि मंग तुन्हं ते लिक्विड लागनं नि बठ्ठं वाटोळं व्हयनं."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. पाण्याने लाकूड बिघडतं हेच त्यांना मान्य नव्हतं, त्यामुळे लपवायचं तरी काय? मी मात्र झोपाळ्याची साखळी धरून बसले. तिने विचारलं होतं. आजींनी सांगितलं म्हणून नाइलाजाने धुतलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तिने आपणहून विचारलं होतं.

मी तशीच उठले आणि मागच्या बाजूला मालक केळीच्या घडांपाशी उभे होते तिथे गेले. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, चला, आत विचारू. हॉलमध्ये येऊन त्यांनी आईला विचारलं, "माय, अठे पानी वतं व्हतं का?" आवाज चढलेला होता. म्हातारीने एकदा मुलाच्या तोंडाकडे बघितलं, एकदा उचललेल्या फळ्यांकडे. आणि म्हणाल्या, "माले काय म्हाईत, भाऊ? मी तं देवघरमा व्हतू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या पाठीवरचा त्यांचा हात अजून उबदार लागत होता.

मालकांनी माझ्यासमोर जाऊला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिला मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. तिचा तो गुळाचा आवाज हॉलभर घुमला. "नही भाऊ, मी कसाले पानी वतसू? लाकडले पानी चालत नही, इतलं माले समजत नही का? ताईनी काय लावं ते ताईलेच म्हाईत. कानबाई व्हऊ द्या, मंग मी एखलीच यीसन बठ्ठं नीट करी दिसू." मालकांनी फोन ठेवला. त्यांनी मला काही अपशब्द वापरला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, स्वतःना घरना मानूसवर ढकलाले नको व्हतं." मी त्यांना म्हटलं, सतरंजी पुन्हा टाकू नका, पंखे चालू ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय घासायचं मशीन लावू देऊ नका. त्यांनी मान हलवली, पण ते माझं ऐकत नव्हते. मी व्हॅक्युम उचलला आणि बाहेर आले. माझ्या चपला घालताना मला रडू आलं. केसाने गळा कापणे म्हणतात ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला त्या पायरीवर कळला.

घरी आले तर जाऊ माझ्याच ओट्यावर रोटाचे गहू पाखडत बसली होती. आमच्याकडे कानबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषागणिक सव्वा मूठ गहू काढतात, सगळ्या भावांचे एकत्र, आणि ते दळून केलेले रोट घरच्यांनीच खायचे असतात. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, स्पीकरवर होतीस, मी ऐकलंय सगळं, आता खोटं बोलू नकोस.

तिचं सूप थांबलं नाही. "सुरतमा दुकानदार मन्हावर हासना व्हता," ती म्हणाली. "तू बी हासनी. मन्हं काही चालतंच नही तुन्हापुढे. तठे आजीले मन्हं काम आवडस. ते घर आते मन्हं शे." मी म्हटलं, तेवढ्यासाठी माणसाच्या बापाचं लाकूड बिघडवलंस? माझं नाव घातलंस? ती म्हणाली, "लाकूड घासी घासी नीट व्हई जाई." नावाचं काहीच बोलली नाही. सूप हिसकावून घ्यावंसं वाटलं, पण त्यात देवीचे गहू होते.

रविवारी कानबाई बसली. मी घरात कोणाला काही सांगितलं नाही. भावाभावांत तंटा कशाला, म्हणून नाही, तर सांगितलं असतं तरी तिचाच आवाज गोड होता, म्हणून. संध्याकाळी सगळं घर माझ्याकडे जेवायला बसलं. रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट नाकारता येत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. तिच्या घरच्या मुठी आणि माझ्या घरच्या मुठी एकाच पिठात मळल्या गेल्या होत्या.

पाणी वाढायला मी उठले. ओट्यावरची ती फळी आणली आणि जाऊच्या ताटाशेजारी ठेवली. तांब्या भरला आणि त्या पांढऱ्या कड्याच्या बरोबर वर ठेवला. तांब्याच्या बुडाला पाणी होतं. बाकीचे जेवत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. फळी बघून ती थांबली. वर माझ्याकडे बघितलं नाही. तिने तांब्या उचलून खाली टाइल्सवर ठेवला. मग पदराच्या टोकाने फळीवरचं पाणी टिपलं, एक थेंबही न ठेवता, आणि पुसलं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, मी शिकवलं होतं तसंच.